साइडमाउंट कोर्स, नेरुळ: आधी मापं, मग पाणी

ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून नेरुळला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा हा साइडमाउंट कोर्स केला, डिसेंबरात सुरू केला, जानेवारीत नेत्राणीला (कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं बेट) समुद्रातल्या डाइव्ह झाल्या आणि सगळं संपल्यावरच लिहायला बसलेय, कारण पूलमधल्या दोन दिवसांवर रिव्ह्यू लिहिण्यात काही अर्थ नाही. पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा का कापला ते खाली येईल.

आधी माझं सांगते म्हणजे तुमच्याशी कितपत जुळतं ते कळेल. वय ४६, उंची पाच फूट एक इंच, राहते पाचपाखाडीला. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, अंदमानला हॅवलॉकमध्ये केलं होतं, त्यानंतर पंचवीस-एक डाइव्ह झाल्या असतील. चार वर्षांपूर्वी कंबरेत डिस्क सरकली, एल-फोर एल-फाइव्ह, आणि तेव्हापासून भरलेला सिलेंडर पाठीला लावून हलत्या बोटीवर उठून उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पाण्यात गेल्यावर काहीच दुखत नाही हो, सगळा त्रास पाण्याबाहेरच्या त्या दहा पावलांचा. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासून मेडिकल फॉर्मवर सही दिली पण वर सांगितलं की पाठीवर वजन घेऊन उठबस करायची नाही. म्हणून साइडमाउंट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नेहमीच्या स्कूबात एक सिलेंडर पाठीवर असतो, साइडमाउंटमध्ये दोन सिलेंडर दोन्ही कुशींना, काखेपासून कमरेपर्यंत, अंगाला समांतर लावलेले असतात. हे मुळात गुहेत डायव्हिंग करणाऱ्यांचं तंत्र, १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या अरुंद, पाण्याने भरलेल्या गुहांमधून जाताना पाठीवरचा सिलेंडर छताला अडकायचा म्हणून लोक तो बाजूला लावायला लागले, मग ते फ्लोरिडात, मेक्सिकोत वाढलं आणि आता साध्या समुद्रातही करतात. माझ्या दृष्टीने यातली सोन्यासारखी गोष्ट म्हणजे सिलेंडर एकेक करून पाण्यात दिले जातात, तुम्ही नुसता हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज, घालून पाण्यात उतरता आणि तरंगत तरंगत क्लिपा लावता. पण ऐकीव माहितीवर जाऊ नका, एकूण वजन कमी होत नाही, दोन सिलेंडर म्हटल्यावर ते वाढतंच, फक्त ते तुमच्या मणक्यावर येत नाही.

आता हे सेंटर मला का आवडलं ते समजायला आधीचा अनुभव सांगावा लागेल. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, एक दिवसाचं साइडमाउंट करून बघितलं होतं. त्यांनी एक हार्नेस आणला, माझ्या आधी त्याच्यात सहा फुटी मुलगा होता, त्याच्यातून तो निघाला आणि मी गेले, दोन पट्टे ओढले आणि चला म्हणाले. पाण्यात उजव्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह माझ्या जबड्यापाशी, मान वळवायला गेलं की कानाला थाड, आणि डावा सिलेंडर पोटाखाली गुरांच्या गळ्यातल्या लोढण्यासारखा लोंबतोय. मी वीस मिनिटं झगडले, मान चार दिवस दुखली. त्यांचं म्हणणं असं की तुम्हाला सवय नाही, होईल हळूहळू. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की हे आपल्या वयाचं काम नाही, आणि खरंच दोन वर्षं विषय सोडून दिला. त्या दोन वर्षांचं मला वाईट वाटतं कारण प्रश्न वयाचा नव्हताच, क्लँपचा होता. सिलेंडरला जो पट्टा किंवा क्लँप आवळतात, ज्याला खालची क्लिप बांधलेली असते, तो त्या मुलाच्या मापाने खाली बसवलेला होता. क्लिप तर माझ्या कमरेलाच अडकणार, मग क्लँप जितका खाली तितका सिलेंडर डोक्याकडे वर सरकणार, साधं गणित आहे. चार बोटं वर घेतला असता तर व्हॉल्व्ह बरोबर काखेत आला असता. हे मला कळलं नेरुळला, पहिल्या संध्याकाळी, पहिल्या अर्ध्या तासात.

ती पहिली संध्याकाळ. मी स्विमसूट, टॉवेल, सगळं घेऊन गेले तर सर म्हणाले, "ताई, आज पाणी नाही, आज मापं." छोटी खोली आहे, खाली सतरंजी, भिंतीला टेबल, टेबलावर शिंप्याकडे असते तशी टेप आणि पांढरा खडू. माझा हार्नेस पूर्ण सोडलेला, नुसत्या दोन इंची पट्ट्यांचा ढीग. तो अंगावर एकेक पट्टा करून चढवला. आपला ब्लाऊजवाला मुंढ्याचं माप कसं घेतो, हात वर करा, खाली करा, पुढे घ्या, अगदी तसं. खांद्याचा पट्टा उभं असताना चार बोटं सैल वाटला पाहिजे असं म्हणाले, मी म्हटलं हा तर निसटतोय, तर मला सतरंजीवर पालथं झोपवून दोन्ही हात डोक्याच्या पुढे ताणायला लावले आणि तोच पट्टा बरोबर बसला. पाण्यात माणूस आडवा असतो ना, उभ्याने घेतलेलं माप तिथे काय कामाचं. मग मांड्यांमधून जाणारा पट्टा, तो सैल असला की आख्खा हार्नेस आणि त्याला लावलेली, तरंगण्यासाठीची हवेची पिशवी डोक्याकडे सरकते. मग कमरेचा, आणि तो आवळताना मला पोटभर श्वास घ्यायला लावला, श्वास अडला तर परत सोडायचा. प्रत्येक डी-रिंग (क्लिप अडकवायची, इंग्रजी D च्या आकाराची कडी) कुठे येणार तिथे खडूची रेघ. पावणेदोन तास गेले यात आणि एकदाही घाई नाही, मध्येच चहा आला तेवढंच.

पट्ट्यांची जास्तीची टोकं कापली नाहीत. मी विचारलं तर म्हणाले समुद्रातल्या डाइव्ह झाल्याशिवाय कात्री लावायची नाही, वेटसूट बदलला की माप बदलतं. तोवर ती टोकं गुंडाळून सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल कापे काढून त्यांच्यात खोचून ठेवली. नेत्राणीहून परत आल्यावर शेवटी कापली आणि लायटरने कडा वितळवून बंद केल्या, त्या जळक्या नायलॉनचा वास आला तेव्हा मला कुठे वाटलं की हा हार्नेस आता माझा.

दुसऱ्या संध्याकाळी सिलेंडर, पण अजून जमिनीवरच. टेबलाला हात टेकून, गुडघे वाकवून, पाठ जमिनीला समांतर करायची आणि सर नि त्यांच्याकडे काम करणारा मालवणचा मुलगा दोघं मिळून सिलेंडर लावून बघायचे, वजन त्यांच्याच हातावर, माझ्या कमरेवर एक किलोही येऊ दिलं नाही आणि मी न सांगता दर तीन-चार मिनिटांनी बसवायचे. क्लँप खालीवर, मग गोल फिरवून. हे फिरवणं मला माहीतच नव्हतं. क्लँप सिलेंडरभोवती जरासा फिरवला की क्लिप अंगाच्या बाजूला येते आणि सिलेंडर कुशीला चिकटतो, उलट फिरवला की बाहेर झुलतो. बोटभर फरकाचा एवढा परिणाम होतो हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर पटलं नसतं.

बंजी म्हणजे पाठीमागून काखेतून येणारा तो जाड इलॅस्टिकचा दोर, जो व्हॉल्व्हला अडकवतात, त्याच्यावरच वरचं टोक अवलंबून. सैल झाला की सिलेंडर पोटाखाली उतरतो, फार घट्ट केला तर तुम्हाला एकटीला तो व्हॉल्व्हवर चढवताच येत नाही. माझ्यासाठी नवीन बंजी कापली कारण आधीची वापरून वापरून ताण गेलेली होती, आणि तिची गाठ मारून, सोडून, परत मारून चौथ्या वेळी जमलं. क्लिपा क्लँपला दोरीने बांधतात, थेट कडीत कडी नाही. सरांचा नियम, "लोखंडाला लोखंड बांधायचं नाही." कारण मीठ बसून क्लिप अडकलीच पाण्याखाली तर दोरी सुरीने कापता येते, कडी कापता येत नाही. ही दोरी मलाच बांधायला लावली, सहा वेळा.

पूल नेरुळमध्येच, एका क्लबचा, रात्री मेंबर लोक गेल्यावर. पहिल्याच रात्री सरांनी छोट्या कॅमेऱ्यावर माझा व्हिडिओ काढला आणि काठावर बसवून दाखवला. सिलेंडर छान बसले होते, पण गुडघे खाली लोंबत होते, मी तिरकी दिसत होते. मला वाटलं आता पाय मारायची पद्धत सुधारायला लावतील, पण त्यांनी कमरेवरचं एक किलोचं शिसं (खाली राहण्यासाठी लावतात ते वजन) काढलं आणि पाठीच्या कण्यावर वर, खांद्यांच्या पात्यांमध्ये लावलं. बस्स. पुढच्या व्हिडिओत मी सपाट. एवढ्याशा किलोने एवढं होतं, आणि किती लोकांना वर्षानुवर्षं 'पाय वर ठेवा, पाय वर ठेवा' म्हणून ओरडा खावा लागतो. हा मुद्दा मला फार जवळचा आहे. विद्यार्थ्याला दोष द्यायच्या आधी पट्टा बघा, शिसं बघा, मग बोला. सरांचं हेच मला सगळ्यात जास्त आवडलं, प्रत्येक वेळी काही बिनसलं की आधी सामान तपासायचे, त्यातून काही निघालं नाही तरच मला सांगायचे की आता तुमचं चुकतंय. आणि चुकलं तेव्हा स्पष्ट सांगितलं, गोड बोलून सोडलं नाही.

शिकवणं कसं ते थोडक्यात. बेडकासारखी किक, मागे जायची किक (ही मला अजून नीट येत नाही), जागच्या जागी वळणं. दोन रेग्युलेटर (तोंडात धरून ज्यातून श्वास घेतात ते), उजव्या सिलेंडरच्या रेग्युलेटरला साधारण दोन मीटरचा लांब होज, म्हणजे हवेची नळी, आणि डावीकडचा छोटा, गळ्यात बंजीने अडकवलेला. ठरावीक बार (सिलेंडरमधल्या हवेच्या दाबाचं माप) वापरले की एकातून दुसऱ्यात जायचं, नाहीतर एक बाजू हलकी होऊन माणूस कलंडतो. दोन्ही सिलेंडर एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतात म्हणून एकाचा रेग्युलेटर बिघडला तर तो व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यावर वर येता येतं, आणि व्हॉल्व्ह काखेत असल्यामुळे तो डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. पाठीवरच्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह मला कधीच पोचला नव्हता. दुसऱ्याची हवा संपली तर लांब होजवालाच द्यायचा, तोंडात असेल तर तोंडातून काढून द्यायचा, हे इतक्या वेळा करून घेतलं की झोपेत हात जाईल. एकदा न सांगता सरांनी हात गळ्यावरून फिरवून हवा संपल्याची खूण केली, मी गोंधळून छोटा होज पुढे केला, तो अर्ध्यातच ताणला गेला, आणि तेव्हा डोक्यात बसलं की लांब का.

नेत्राणी. दुपारची मत्स्यगंधा ठाण्यालाच मिळते, पहाटेच्या अंधारात मुर्डेश्वरला उतरवते. सकाळी बोटीने तास-दीड तास. माझे सिलेंडर त्या मालवणच्या मुलाने दोरीला बांधून पाण्यात सोडले होते, मी हार्नेस, फिन, मास्क एवढंच घालून बोटीच्या कडेवरून सरकले. कंबरेने हूं की चूं केलं नाही. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो म्हणून दोन किलो वाढवले होते, तेही कण्यावरच. डावा सिलेंडर पहिल्या झटक्यात लागला, उजव्याची क्लिप लाटेमुळे दोनदा निसटली, तिसऱ्यांदा लागली, आणि कोणी मदतीला आलं नाही कारण मीच हात करून थांबा म्हटलं होतं.

खाली वटवाघूळ माशांचा थवा होता, एका फटीत मोरे ईल तोंड उघडून बसलेला, पण मला आठवतं ते वेगळंच. अर्धी डाइव्ह झाल्यावर माझे सिलेंडर मागून वर उचलायला लागले. अॅल्युमिनियमचे ११ लिटरचे सिलेंडर, भरलेले असताना किंचित बुडतात पण त्यात अडीच किलोच्या वर हवा असते, ती संपत आली की बूड तरंगायला लागतं. पूलमध्ये आम्ही कधी इतके रिकामे केले नव्हते म्हणून हे प्रत्यक्षात पहिल्यांदाच अनुभवलं. सरांनी सांगून ठेवलं होतं, मागच्या कडीतली क्लिप सोडायची आणि कमरेच्या पुढच्या सरकत्या डी-रिंगमध्ये लावायची. मी पंधरा मीटरवर स्थिर राहून न बघता, नुसत्या अंगठ्याने चाचपून आधी डावी, मग उजवी क्लिप पुढे घेतली आणि दोन्ही सिलेंडर परत अंगाला सरळ झाले. सर समोर होते, त्यांनी फक्त ओके केलं. पाण्याखाली डोळे भरून आले तर मास्कमध्ये काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे छोट्या अंगाच्या लोकांसाठी सेंटरकडे एकच हवेची पिशवी आहे, बॅचमध्ये मी आणि एक कॉलेजची मुलगी अशा दोघी होतो त्यामुळे पूलमध्ये आलटून पालटून, आणि एक रात्र माझी जवळजवळ फुकट गेली. दुसरं, डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे व्हॉल्व्ह असलेली एकच जोडी आहे, बाकी सगळ्या सिलेंडरचे व्हॉल्व्ह एकाच हाताचे, म्हणजे एका बाजूचा नॉब बाहेर तर दुसऱ्याचा छातीकडे, शिकताना डोक्याचा भुगा होतो. तिसरं, पूलच्या वेळा आयत्या वेळी कळतात. दोनदा मी ऐरोलीपर्यंत पोचले आणि मेसेज आला की आज नाही. ठाणे, डोंबिवलीहून येणाऱ्यांनी काय करायचं? हे मी सरांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं, कारणं दिली नाहीत. बायकांची चेंजिंग रूम रात्री बंद करतात, किल्ली वॉचमनकडे, ती आधी मागून ठेवा. लेखी साहित्य सगळं इंग्रजीत आहे पण सर मराठीतून समजावतात, एकच गोष्ट चारदा विचारली तरी चालतं.

पैसे. मी कोर्सचे २८ हजार भरले, त्यात मापं, पूल, सर्टिफिकेट. नेत्राणीची बोट, ट्रेन, राहणं वेगळं. स्वस्त नाही, पण त्या आधीच्या ठिकाणी एका दिवसाचे आठ हजार गेले होते आणि हाती काय आलं तर दुखरी मान. स्वतःचा हार्नेस लगेच घेऊ नका, इथल्या सामानावर शिका, तुमची मापं सर एका कागदावर लिहून देतात, पट्ट्याच्या प्रत्येक लांबीसकट, तो कागद घेऊन मग जे घ्यायचं ते घ्या. माझा कागद मी लॅमिनेट करून बॅगेत ठेवलाय, कुठेही भाड्याचा हार्नेस मिळाला तरी अर्ध्या तासात लावता येतो. पाठीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांची सही आधी आणा, इथे त्याशिवाय पूलमध्येही उतरवत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

एक शेवटचं, क्लँप म्हणून जी होज क्लिप (स्क्रूने आवळायची धातूची गोल पट्टी) लागते तशा दोन स्वतःच्या घेऊन जा, सेंटरच्या गंजक्या आहेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, मी जांभळी नाक्यावरून घेतल्या. दुकानदार स्टीलची म्हणून देतो पण बऱ्याचदा पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा असतो, दोन डाइव्हमध्ये स्क्रू तांबडा. फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घेऊन जा आणि पट्टीला नाही, स्क्रूला लावून बघा. चिकटलं तर परत द्या. मला तिसऱ्या दुकानात मिळाल्या.